जखमेची साक्ष

ग्वाल्हेर शहरात फुलबागेजवळ झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८ च्या जून महिन्यात शहराबाहेर कोटा की सराय येथे इंग्रजांच्या आठव्या हुसार घोडदळाशी जी चकमक झाली, तीत राणीला प्राणघातक जखमा झाल्या, एवढे निर्विवाद आहे. परंतु त्या जखमा नेमक्या कोणत्या, असे विचारले की इतिहास अडखळतो. कोणी म्हणतो, बंदुकीच्या गोळीने घात केला. कोणी म्हणतो, तलवारीचा घाव वर्मी बसला. कोणी दोन्ही सांगतो. पण अगोदर गोळी की अगोदर तलवार, याविषयी एकमत नाही. मृत्यूचा दिवसही कोणी १७ जून धरतो, कोणी १८ जून. देह शत्रूच्या हाती पडू नये म्हणून निष्ठावंतांनी तातडीने अग्निसंस्कार केला. त्या घटकेला तेच त्यांचे कर्तव्य होते. मात्र देहाबरोबर देहाची साक्षही भस्म झाली, आणि पुढील पिढ्यांच्या हाती केवळ ऐकीव कथने उरली.

राणीचे मोठेपण जखमेच्या नोंदीवर अवलंबून नाही. ती गोळीने पडली काय किंवा तलवारीने पडली काय, तिच्या कीर्तीत तिळमात्र फरक पडत नाही. परंतु सामान्य माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या अंगावरील एका जखमेला वैद्य कोणते नाव देतो, यावर कधी त्याला न्याय मिळणे अवलंबून असते, तर कधी दुसऱ्या एखाद्या निरपराध्याचे स्वातंत्र्य. म्हणूनच जखमांची परीक्षा करणे आणि त्यांचे वर्ग पाडणे हा न्यायवैद्यक शास्त्राचा पाया मानला गेला आहे.

याच ग्वाल्हेरीत, समाधीपासून फार दूर नाही, असा हजीरा नावाचा भाग आहे. हजीरा म्हणजे कबरीभोवतीची आवार घातलेली जागा. सोळाव्या शतकातील सूफी सत्पुरुष मुहम्मद घौस आणि संगीतसम्राट तानसेन यांच्या कबरी येथेच आहेत. पुढे १९२१ साली शेजारी जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली, बिर्लानगर वसले, आणि हजीऱ्याला कामकऱ्यांच्या वस्तीचे रूप आले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात गिरणी बंद पडली, तरी दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि कष्टकऱ्यांचे जीवन राहिलेच. दाट वस्ती म्हटली की तेथे स्नेह असतो तसा तंटाही असतो.

अशीच एक काल्पनिक घटना डोळ्यांपुढे आणावी. हजीऱ्यातील एका गल्लीत सार्वजनिक नळावरील पाण्यावरून दोन घरांत भांडण जुंपते. एका घरातील दोघे भाऊ धावून येतात. थोरल्याच्या हातात लाठी आहे. धाकटा म्हशीला चारा कापीत बसलेला असतो. आरडाओरडा ऐकून तो तसाच उठतो आणि विळा त्याच्या हातातच राहतो. गर्दी होते, धक्काबुक्की होते, आणि समोरच्या घरातील एका गृहस्थाचे डोके फुटते. रक्ताची धार लागते. लोकांची दृष्टी प्रथम जाते ती विळ्याच्या पात्यावर. ‘विळा मारला, विळा मारला’, असा एकच गलका होतो. जखमीला रुग्णालयात नेतात. टाळूवर दोन इंचांची सरळ, स्वच्छ दिसणारी चीर आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरने जर घाईघाईने ‘धारदार शस्त्राने कापल्याची जखम’ असे लिहिले, तर धाकट्याचे दैव तेथेच ठरून जाते. वस्तुतः त्याचा विळा कोणाला लागलेलाच नसेल, तर? फटका थोरल्याच्या लाठीचा असेल, तर? या प्रश्नाचे उत्तर गल्लीतील साक्षीदारांपाशी नाही. ते त्या दोन इंचांच्या चिरेत आहे. मात्र ते वाचता आले पाहिजे.

जखमा वाचण्याची ही विद्या आपल्या देशाला नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आघाताने होणाऱ्या ताज्या जखमांना ‘सद्योव्रण’ म्हटले असून त्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. कापलेली ती छिन्न; भाल्यासारख्या शस्त्राने पोटातील आशयापर्यंत फोडलेली ती भिन्न; टोकदार वस्तूने टोचलेली ती विद्ध; धड कापलेली नव्हे आणि धड भोसकलेलीही नव्हे, अशी वेडीवाकडी ती क्षत; दाबाने वा प्रहाराने हाडासकट चेचलेली ती पिच्चित; आणि घासून कातडी निघालेली ती घृष्ट. सुश्रुताचा हेतू उपचाराचा होता, न्यायनिवाड्याचा नव्हता. तथापि जखमेच्या रूपावरून आघाताच्या स्वरूपाकडे जाण्याची त्याची दृष्टी आजच्या वर्गीकरणाशी जुळणारी आहे.

न्यायाच्या कामी ही विद्या प्रथम ग्रंथरूपाने मांडली ती चीन देशात. सुंग त्झू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली प्रेतपरीक्षेवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील एक कथा प्रसिद्ध आहे. एका खेड्यात एक मनुष्य मरून पडलेला आढळला. अंगावरील वार विळ्याचे आहेत, हे परीक्षकाने जखमांवरून ताडले. मग त्याने गावातील सर्व विळे आणवून उन्हात मांडून ठेवले. त्यांपैकी एकाच विळ्यावर माशा घोंगावू लागल्या. धुऊन टाकलेल्या रक्ताचा वास माणसाला आला नाही, पण माश्यांना आला. माश्यांची युक्ती सर्वांच्या लक्षात राहते. परंतु तिच्याआधी जखम बरोबर ओळखली गेली होती, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. ती ओळख चुकली असती, तर विळ्यांऐवजी कुऱ्हाडी गोळा झाल्या असत्या.

हिंदुस्थानात नॉर्मन चेव्हर्स यांचा बंगाल व वायव्य प्रांतांसाठी लिहिलेला न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८५६ साली निघाला. पुढे १९२० साली डॉ. जयसिंग मोदी यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या आवृत्त्या अद्याप निघतात, आणि ‘मोदी काय म्हणतात?’ हा प्रश्न देशातील न्यायालयांच्या परिचयाचा आहे. ग्वाल्हेरीत गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली स्थापन झाले. अशा महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला, तो पुढे कशातही तज्ज्ञ होवो, जखमा ओळखण्याचे हे प्राथमिक ज्ञान मिळवावेच लागते.

आता या वर्गीकरणाकडे वळू. सर्वांत उथळ जखम म्हणजे खरचटणे. कातडीचा केवळ वरचा पापुद्रा जातो, आणि उपचाराच्या दृष्टीने तिला फारशी किंमत नसते. न्यायाच्या दृष्टीने मात्र ती मोठी बोलकी असते. घासताना निघालेली कातडी ज्या टोकाशी गोळा झालेली असते, त्या टोकाकडे घर्षणाचा रोख असतो. फरफटत नेलेल्या देहावर लांब ओरखडे उमटतात. गळा दाबणाऱ्याच्या नखांच्या चंद्रकोरी मानेवर उमटतात. जीव वाचविण्याच्या गडबडीत ज्या खुणांकडे कोणी पाहणार नाही, त्याच खुणा कित्येकदा खुनाला वाचा फोडतात.

दुसरा प्रकार मुका मार. कातडी शाबूत राहते. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळते. अंग काळेनिळे झाले, असे आपण म्हणतो ते हेच. लाठीचा तडाखा मांसल भागावर बसला, तर आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर रेषा उमटतात आणि मधला भाग फिकट राहतो; कारण दाबाने रक्त दोन्ही कडांना सरकते. मार एका ठिकाणी आणि डाग दुसऱ्या ठिकाणी, असेही घडते. कपाळावर आघात झाला असता रक्त खाली उतरून दुसऱ्या दिवशी डोळा काळा दिसू लागतो. डागाचा रंग प्रथम तांबडा, मग निळसर काळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो. जुन्या पुस्तकांत या रंगांवरून माराचा दिवस सांगण्याची कोष्टके असत. आजचे जाणकार त्याबाबत फार सावध झाले आहेत. वय, शरीराचा भाग, त्वचेचा वर्ण यांप्रमाणे रंगांची गती बदलते. पिवळी छटा दिसली, तर मार साधारणपणे अठरा तासांहून जुना आहे, याहून अधिक खात्रीने बोलणे धाडसाचे ठरते.

तिसरा प्रकार फाटलेली जखम. लाठी, दगड, जमीन, वाहन अशा बोथट वस्तूच्या आघाताने कातडी ताणली जाऊन फाटते. तिच्या कडा वेड्यावाकड्या व चेचलेल्या असतात, केस ठेचले जातात, आणि चिरलेल्या जखमेच्या मानाने रक्तस्राव थोडा होतो. सर्वांत महत्त्वाची खूण जखमेच्या पोटात असते. दोन्ही कडांना जोडणारे बारीक तंतू, शिरा व मज्जातंतू न तुटता पुलासारखे तसेच राहिलेले दिसतात.

चौथा प्रकार चिरलेली जखम. वस्तरा, सुरी, विळा यांसारख्या धारेने ती होते. कडा स्वच्छ असतात. लांबी खोलीपेक्षा अधिक असते. रक्त भळभळा वाहते. शस्त्र उचलले जाताना धार वर येत जाते, त्यामुळे शेवटाकडे जखम उथळ होऊन शेपटीसारखी निमुळती होते, आणि वार कोणीकडून कोणीकडे झाला हे त्या शेपटीवरून कळते. कुऱ्हाड वा कोयता अशा जड शस्त्राचा घाव कापतो व चेचतोही, आणि हाडावर आपली खूण ठेवतो. धारेच्या जखमेत तंतूंचे पूल कधीही उरत नाहीत. धार जे जे वाटेत येईल ते कापीत जाते.

पाचवा प्रकार भोसकलेली जखम. येथे खोली हीच सर्वांत मोठी. पाते एका बाजूने धारदार असेल, तर जखमेचे एक टोक तीक्ष्ण व दुसरे बोथट दिसते. परंतु जखमेच्या लांबीवरून पात्याची रुंदी सरळसरळ ठरविता येत नाही, कारण त्वचा लवचीक आहे. पोटात मुठीपर्यंत जोराने खुपसलेले लहान पाते आपल्या लांबीपेक्षाही खोल जखम करू शकते, कारण पोट आत दबते. अशा जखमेत उगाच सळई घालून खोली मोजू नये, हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविला जातो. कारण त्यामुळे नवीन वाट पडते, आणि जिवंत माणसाच्या बाबतीत थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो.

सहावा प्रकार बंदुकीची जखम. गोळी आत शिरते तेथे कडा सामान्यतः आत वळलेल्या असतात व भोवती खरचटल्याचे कडे असते. बाहेर पडते तेथे कडा बाहेर वळतात आणि भोक बहुधा मोठे व ओबडधोबड असते. नळी जवळ असेल, तर धुराची काजळी आणि न जळलेल्या दारूच्या कणांचे गोंदण त्वचेवर उमटते. या खुणांवरून अंतराचा अंदाज करतात. मात्र ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात ज्याला कट्टा म्हणतात, त्या गावठी पिस्तुलाला प्रमाणबद्ध कारखानी शस्त्राची कोष्टके लागू पडत नाहीत. तेथे शक्यतो त्याच शस्त्रातून व तशाच काडतुसाने चाचणी घेऊन मगच मत द्यावे लागते.

आता हजीऱ्यातील त्या जखमीकडे परत येऊ. कवटी, भुवई, गालफड आणि नडगी या ठिकाणी कातडीखाली लगेच हाड असते. तेथे बोथट फटका बसला, तर कातडी शस्त्र आणि हाड यांच्यामध्ये सापडून सरळ रेषेत उलते. नुसत्या डोळ्यांना ती हुबेहूब चिरल्यासारखी दिसते. येथेच घाई घातक ठरते. सावध डॉक्टर भिंग घेतो, भोवतालचे केस मुळाशी कापून ठेवतो, रक्त हलक्या हाताने पुसतो आणि पाहतो. कडा किंचित चेचलेल्या आहेत काय? केस कापले गेले आहेत, की ठेचले गेले आहेत? दोन्ही कडांमध्ये तंतूंचे पूल आहेत काय? पूल दिसले, की विळा दोषमुक्त झाला. मग गल्लीतील वीस मुखांनी विळ्याचे नाव घेतले, तरी त्या वीस मुखांना डोक्यावरील ती एक चीर खोटे पाडते. टाके घातल्यावर मात्र ही साक्ष कायमची मिटते. म्हणून उपचाराला विलंब न लावता, पण टाक्यांपूर्वी, जखम पाहणे, मोजणे आणि मापपट्टी शेजारी ठेवून तिचे छायाचित्र घेणे आवश्यक असते.

या नोंदीतील एकेका शब्दावर कायद्याचे कलम बदलते. १८६० च्या दंडसंहितेची जागा आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. पुरुषत्व नष्ट होणे, डोळा वा कान कायमचा जाणे, अवयव वा सांधा गमावणे किंवा निकामी होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड वा दात मोडणे किंवा निखळणे, आणि प्राणावर बेतणे. याच शेवटच्या प्रकारात तीव्र वेदनेची किंवा नित्य व्यवहार अशक्य होण्याची मुदत पूर्वी वीस दिवसांची होती. ती आता पंधरा दिवसांची झाली आहे. साध्या दुखापतीला कमाल शिक्षा एक वर्षाची. तीच दुखापत कापण्या-भोसकण्याच्या वा तत्सम घातक साधनाने केली, तर तीन वर्षांपर्यंत. जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. आणि घातक साधनाने केलेल्या जबर दुखापतीला थेट जन्मठेपेपर्यंत. तेव्हा हाड मोडले आहे की नाही हे क्षकिरणांनी पाहिल्यावाचून ‘साधी’ किंवा ‘जबर’ हा शब्द लिहिणे, म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यातील वर्षे अंदाजाने वाटण्यासारखे आहे.

जखमेचे अचूक वर्णन किती दूर पोहोचते, याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ सालच्या निर्णयात सापडते. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता, आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी मरण पावला. आरोपीच्या बाजूने असे म्हणणे होते, की ठार करण्यास पुरेशी जखम करण्याचा हेतू सिद्ध झालेला नाही. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालात पायऱ्या घालून दिल्या. जखम आहे काय; तिचे स्वरूप काय; नेमकी तीच जखम करण्याचा हेतू होता काय, की ती अपघाताने झाली; आणि ती सामान्य क्रमाने मृत्यू घडविण्यास पुरेशी होती काय. शिक्षा कायम झाली. या चार पायऱ्यांपैकी पहिली, दुसरी आणि चौथी ही मुख्यत्वे वैद्याच्या नोंदीवर उभी आहे. नोंद ढिली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचाही पाय त्या पायरीवर ठरणार नाही.

तथापि वैद्याने आपली मर्यादाही ओळखली पाहिजे. ‘ही जखम या विळ्याने झाली’ असे तो सांगू शकत नाही; ‘अशा प्रकारच्या शस्त्राने होऊ शकते’ एवढेच तो सांगू शकतो. तळहातावरील व बाहूवरील वार स्वसंरक्षणाचे असू शकतात. मनगटावरील एकापुढे एक उथळ समांतर चिरा कचरत्या हाताने स्वतःच केलेल्या असू शकतात. मृत्यूपूर्वीच्या जखमेत रक्त साकळते, शरीराची प्रतिक्रिया दिसते. मृत्यूनंतरच्या जखमेत ती दिसत नाही. परंतु मृत्यूच्या अगदी आसपास झालेल्या जखमेबद्दल ठाम बोलणे कठीण असते. उलटतपासणीत जो साक्षीदार ‘हे सांगता येत नाही’ असे शांतपणे म्हणू शकतो, त्याच्या ‘हे निश्चित आहे’ या शब्दाला वजन येते.

यात सामान्य नागरिकाचेही काही कर्तव्य आहे. जखमी माणसाला प्रथम उपचार मिळाला पाहिजे. पोलिसांची वाट पाहत उपचार अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर स्पष्ट केले आहे. दुसरे असे, की मार लागला असेल तर त्याच दिवशी तो दाखवून नोंदवून घ्यावा. ‘पाहू उद्या’ म्हणता म्हणता खरचटल्याला खपली धरते, डागाचा रंग बदलतो आणि साक्ष पुसट होते. तिसरे असे, की रक्ताचे कपडे धुऊ नयेत. आपल्या घरांतून हे पहिल्याने होते. कोणी तरी माउली डाग जाईना म्हणून सदरा साबणात भिजत घालते. वस्तुतः त्या सदऱ्यावरील छिद्र, चीर, काजळी आणि रक्त ही जखमेचीच जोडसाक्ष असते. ते कपडे सावलीत वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंडता, कागदात गुंडाळून पोलिसांच्या स्वाधीन करावेत.

राणी लक्ष्मीबाईंच्या जखमांचा तंटा आता कोणी मिटवू शकणार नाही, आणि तो न मिटल्याने कोणाचे नुकसानही होणार नाही. हजीऱ्यातील धाकट्या भावाचे तसे नाही. त्याच्यासाठी रात्रीच्या वेळी, अपुऱ्या झोपेत, समोर रुग्णांची रांग असताना, कोणी तरी भिंग उचलून त्या चिरेत डोकावले पाहिजे आणि जे दिसले तेवढेच, न वाढवता व न कमी करता, कागदावर उतरविले पाहिजे. त्या कामाला पाचच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न मिळाल्यास एखाद्याची पाच वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात जातात.